वरून दिसणारी हिरवळ

माझं शिलाईचं दुकान रस्त्याला लागून आहे, त्यामुळे नको ते सगळं दिसतं. समोरच्या मोकळ्या जागेतलं शिरीषाचं झाड पाडलं तेव्हा मी कुणाच्या तरी पडद्यांना टीप मारत होते. हुकूम माझ्या दिराचा. भावजी पालिकेच्या उद्यान खात्यात साहेब आहेत.

शहर तापतंय म्हणून वस्तीवस्तीत हिरवळ वाढवायची, असा आराखडा आला होता. चांगलाच होता, कोण नाही म्हणेल? पण हिरवळ मोजायची कशी, तर विमानातून फोटो काढून. उंटावरून शेळ्या हाकणारे परवडले. विमान आलं थंडी सरताना. तेव्हा शिरीष दरवर्षी नागडा असतो, नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळतात. फोटोत आमची जागा तपकिरी आली. भावजींनी झाड मेलेलं ठरवलं.

"मेलं नाहीये ते," मी म्हटलं. "उन्हाळ्यात येऊन बघा, गच्च भरतं."

"वहिनी, उन्हाळ्यात विमान येत नाही. पुढच्या महिन्यात परत फोटो आहे."

"मग दादांनी दुपारी बसायचं कुठे?"

दादा म्हणजे माझे सासरे, म्हणजे भावजींचे सख्खे वडील. आमची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीखाली. दुपारी तिची भट्टी होते आणि दादांना दम लागतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हाळ्यात यांना दुपारचं त्या खोलीत ठेवू नका. म्हणून दर उन्हाळ्यात त्यांची खाट शिरीषाखाली असायची. भावजींच्या घरी एसी आहे, पण तिथे म्हणे दादांना करमणार नाही. हे दादांना कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, हिरवळच करतोय ना तिथे," भावजी म्हणाले. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत."

केली. टेम्पोतून गुंडाळ्या आल्या आणि दोन माणसांनी सतरंजीसारखं प्लास्टिकचं गवत अंथरलं. खरं गवत महिन्याभरात उगवत नाही, एवढं मात्र साहेबांना ठाऊक होतं. फोटो हिरवागार आला. भावजींचा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि घरात सगळे त्यांचं कौतुक करत सुटले. मला त्या कौतुकाची किळस आली. माझ्या नवऱ्याचीसुद्धा आली, कारण तोही टाळ्या वाजवून आला होता.

उन्हाळा लागला. त्या तापलेल्या प्लास्टिकवर कुत्रंही बसेना. दादा दुपारी जिन्यात, विजेच्या मीटरखाली स्टूल टाकून बसायचे. त्यांच्या छातीतली शिट्टी मला मशीन चालू असतानाही ऐकू यायची.

एका दुपारी भावजी फोटोवाल्याला घेऊन आले. आराखड्याच्या पुस्तकात छापायला फोटो हवा होता, हिरवळीवर निवांत बसलेल्या म्हाताऱ्याचा. म्हातारा घरचाच होता.

"भावजी, ऊन बघा," मी म्हटलं.

"दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी. दादा, चपला काढा. गवतावर अनवाणी पाय छान दिसतात."

दादांनी चपला काढल्या. मुलाचं नाव छापून येणार म्हणून सकाळीच दाढी केली होती त्यांनी. गवतावर मांडलेल्या खुर्चीपर्यंत जेमतेम चालले, बसले, आणि पाय वर उचलून धरायला लागले. "पाय खाली, दादा," भावजी म्हणत होते. मी मशीन सोडून धावले आणि त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात आणलं. तळपायांना फोड आले होते. बादलीत पाणी घेऊन त्यांचे पाय त्यात बुडवले. दादांना बोलायला श्वास पुरत नव्हता.

भावजी दारात उभे राहून कॅमेऱ्यात बघत होते.

"यात तोंड वाकडं आलंय," ते म्हणाले. "अजून एक घ्यावा लागेल."

मी तोंड उघडणार, इतक्यात दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आधाराला धरलंय. ते उठत होते. बादलीतून पाय बाहेर काढून ते अनवाणीच सरळ दाराकडे, त्या खुर्चीकडे निघाले.