गोऱ्या हातांची सिगार

चिनी कारागीर यिप गान सिगारच्या कारखान्यातून गेला की डेव्हिटला त्याचं खिडकीजवळचं बाक मिळणार होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात खिडकी म्हणजे निम्मी मजुरी. सिगारवर गुंडाळायच्या पानाचा रंग तिथंच नीट दिसतो, आणि उंची पानंही तिथं बसणाऱ्याच्याच वाट्याला येतात. म्हणून सिगार वळणाऱ्यांच्या युनियनमध्ये चिन्यांविरुद्ध सगळ्यात मोठा गळा डेव्हिटचाच. त्यानंच ठराव मांडला होता: ज्या कारखान्यात एकही चिनी नाही, त्याच्याच खोक्यांना युनियनचा पांढरा कागद लागेल, ‘गोऱ्या हातांनी वळलेली’. बिनकागदाच्या मालाला शहरातला कामगार शिवणार नाही.

मालक हॉर्टननं चिन्यांना काढलं, कागद घेतले. यिप गानला मात्र माळ्यावर तंबाखूच्या गाठींमागे बसवलं. एका बड्या हॉटेलचा माल द्यायचा राहिला होता.

“आठवडाभर डोळेझाक कर,” तो डेव्हिटला म्हणाला. “सोमवारी खिडकी तुझी.”

डेव्हिटनं डोळेझाक तर केलीच, वर यिप गानच्या खोक्यांना कागदही स्वतःच डकवले.

शुक्रवारी माल पुरा होत आला, तेवढ्यात युनियनचा ब्रेनन तपासणीला उगवला. मागे वीसेक जण, काहींच्या हातात कुऱ्हाडीचे दांडे. त्यानं एक खोकं फोडून सिगार नाकाखाली फिरवली.

“वा! टोक बघा कसं मिटलंय. त्या वेणीवाल्यांना सात जन्मांत जमेल का? कुणाचा रे हात?”

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण फुकटचं कौतुक कोण सोडतो?

“माझा,” डेव्हिट म्हणाला.

“मग वळ की एक! पोरांना बघू दे.”

डेव्हिटनं वळली. टोक फुगून बसलं.

“हे काय, गाजर?” कुणीतरी खिदळलं.

ब्रेनन हसला नाही. त्यानं दोन्ही सिगार शेजारी शेजारी ठेवल्या. माळ्यावर फळी करकरली.

“वर कोण आहे, डेव्हिट? का तूच त्यांचा दलाल झालास?”

दांडे जवळ सरकले. डेव्हिटनं बोट वर केलं. बूट शिडी चढू लागले.

हॉर्टनची खोकी कागदासकट हॉटेलात पोचली; चांगला माल कोण परत करतो? ब्रेननला पुढच्या सभेत टाळ्या मिळाल्या. सोमवारी डेव्हिट खिडकीत बसला. मालक शब्दाचा पक्का. वसुली झाली ती एकट्या यिप गानकडून: उजव्या हाताची चार बोटं, माळ्याच्या झडपेखाली चिरडलेली.