करडईच्या तेलातली करवत

मी पेट्रोलवर चालणारी करवत बोलतेय. दुकानात मला चेन सॉ म्हणतात, घरात नुसतं मशीन. आवाज मोठा म्हणून लोक मला धीट समजतात. खरं सांगते, माझ्याइतकी भित्री वस्तू सगळ्या सोलापुरात शोधून सापडायची नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते दुकान, आणि सहा वर्षांपूर्वी मला पोत्यात घालून कुंभारीला नेणारे गुरुबसप्पा. त्यांच्या बायकोचा, रत्नम्माचा, कडक भाकरीचा धंदा. ज्वारीची भाकरी चुलीवर भाजायची, वाळवून पापडासारखी कडक करायची, चवडी बांधून शहरातल्या दुकानांत पाठवायची. घरात दोन चुली दिवसभर पेटलेल्या. त्यांना जळण पुरवायचं काम माझं. ओढ्याकाठची वेडी बाभूळ मी कापायचे. काटेरी, चिवट, एकही फांदी सरळ नाही.

माझ्या साखळीला तेल लागतं. पहिल्या महिन्यात गुरुबसप्पांनी गाडीचं जळकं ऑइल घातलं. ते लाकडाला लागलं, त्याचा धूर भाकरीला लागला आणि एक चवड परत आली. रत्नम्मा कडाडली, "माज्या चुलीत ते काळं तेल न्हाय पायजे!" त्या दिवसापासून मला घाण्याचं करडईचं तेल मिळू लागलं. बाकीच्या मशीनना कुठलं एवढं सुख! मी हरखून गेले होते, हे कबूल करते.

पण पावसाळ्यात लाकूड कापत नाहीत. आधीच कापून रचून ठेवतात आणि मी चार महिने खुंटीला. करडईचं तेल पडून राहिलं की घट्ट होतं. साखळीच्या मुळाशी माझं झाकण आहे, त्याच्या आत भुसा आणि तेल यांचा चिकटा बसू लागला. पहिल्या वर्षी थोडा. तिसऱ्या वर्षी त्या चिकट्याने माझी दांडी अडली.

ही दांडी माझ्या पुढच्या मुठीसमोर आडवी असते. मी कधी उसळले तर माणसाचा हात तिच्यावर आपटतो, ती पुढे पडते आणि साखळी जागच्या जागी थांबते. तो माझा ब्रेक. घरात मात्र सगळ्यांची समजूत अशी, की हाताला काटे लागू नयेत म्हणून कंपनीने ती बसवली आहे. त्यामुळे ती हलत नाही याची कुणाला फिकीर नव्हती. मला होती. दर वेळी मला चालू करायला गुरुबसप्पा माझी दोरी ओढायचे. आज नको, आज नको, असं मी ओरडायचे. त्यांना वाटायचं, मशीन मस्त चाललंय.

गेल्या महिन्यात ते झालंच. माझं टोक मागच्या फांदीला टेकलं आणि मी उसळले, सरळ त्यांच्या मानेकडे. त्यांचा हात दांडीवर आपटला, पण दांडी हलली नाही. खांद्यावरचा टॉवेल माझ्या दातांत गुंडाळला गेला आणि मी बंद पडले. त्यांनी मला खाली ठेवलं आणि मान चाचपून पाहिली. माझं काय झालं असेल, ते कुणाला सांगू?

"मशीन म्हातारं झालंय," ते घरी म्हणाले. "आता मोटं, ताकदीचं घिऊ." रत्नम्मा फाटका टॉवेल बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन दुकानात आले. रत्नम्माच्या पिशवीत करडईच्या तेलाची बाटली होती, नव्या मशीनसाठी. ती बघून माझा धीरच सुटला. नवं माझ्या दुप्पट जोराचं असणार, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचीही दांडी अडणार. तेव्हा टॉवेल आड येईलच असं नाही.

दुकानातले चांदसाब मिस्त्री मशीनं दाखवू लागले. एक वायरचं, पण ओढ्यावर वीज कुठली? एक बॅटरीचं, पण दोन चुलींचं जळण कापायला ते पुरणार नाही. मग बावीस इंची पात्याचं पेट्रोलचं. गुरुबसप्पांचा हात त्याच्यावरून निघेना.

"आन् ह्यो ब्रेक," म्हणत चांदसाबनी त्याची दांडी पुढे ढकलली. खट्!

रत्नम्मा पुढे झाली. "पुन्ना करा की."

खट्.

"आमच्या मशीनची दांडी तर हलतच न्हाय."

"हलत न्हाय? आन् तसंच चालवताय, वहिनी?" चांदसाबनी मला टेबलावर आडवं केलं, दोन नट काढले, झाकण उघडलं. आत पिवळा चिकटा. रत्नम्माने बोट लावून नाकाशी नेलं. तव्याच्या कडेचा चिकटा जन्मभर खरवडणारी बाई ती.

"हे माजंच तेल हाय की," ती म्हणाली. "भाकरीला वास लागू नये म्हनून मी घालत गेले. आन् ह्यांची मान..." तिने बोट पदराला पुसलं.

"तेलाचा दोष न्हाय," चांदसाब म्हणाले. "पावसाळ्याआदी टाकी रिकामी करायची, झाकन काढून पुसायचं. बास."

गुरुबसप्पा अजून बावीस इंचीपाशीच उभे होते. "ते ठेवा तितंच," रत्नम्मा म्हणाली. "जेचं झाकन मला उघडता येतंय, ते द्या."

"अगं, चालवनार मी हाय की."

"आन् वाट बघनार मी."

तिने एकेक झाकण स्वतः उघडून पाहिलं आणि हाताने फिरवून निघणाऱ्या झाकणाचं, सोळा इंची, हलकं मशीन निवडलं. मला दुरुस्त करून कुणाला तरी देण्यासाठी चांदसाबनी ठेवून घेतलं. दोघं निघालेही होते. दारातून ती मागे वळली.

"ते आत्ताच साफ करा, माज्यासमोर. कुनाच्या तरी घरवाल्याच्या हातात जानार की."

डिझेल लावून ब्रशने घासेपर्यंत ती उभी राहिली. मग तिनेच दांडी ढकलली. खट्! तीन वर्षांनी तो आवाज ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला.

आता मी दुकानाच्या फळीवर आहे. भीती काही गेलेली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर भाकरीच्या गडबडीत तिला नव्या मशीनच्या झाकणाची आठवण राहील ना? राहील, असं मी स्वतःला समजावते. मला न्यायला कोण येणार, तेही ठाऊक नाही. तुम्ही आलात तर एवढं करा. रोज आधी दांडी ढकलून बघा. खट् वाजलं तरच दोरी ओढा. नाही वाजलं तर मला हात लावू नका. नाहीतर मी ओरडेन, आणि तुम्हाला वाटेल, मशीन मस्त चाललंय.