छपाई चालू असताना

(छपाई चालू.)

"हं, बोला आता," ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

गोदामवाले खुर्चीच्या कडेवर बसले होते. बटणांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढूनही त्यांच्या स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं असायचं. ते चाचपत म्हणाले, "माझं म्हणणं असं, की तुम्ही एकट्या, मी एकटा..."

"मी कुठली एकटी? सासू आहे की घरात."

"ते माहीत आहे हो. म्हणजे मला काय म्हणायचंय... बाई, मला गोल गोल बोलता येत नाही. लग्न करू या का आपण?"

छपाईयंत्र करकरत होतं. खोक्यांवर चिकटवायची लेबलं एकामागून एक बाहेर पडत होती.

"काय म्हणालात?"

"मोठ्यानं बोलायला लावू नका. खाली पॅकिंगच्या बायकांना पुरेल वर्षभर."

"ऐकलं मी. खरंच म्हणालात का, एवढंच विचारलं."

"खरंच."

"या वयात?"

"मग कोणत्या वयात? मागची तर निघून गे..."

(छपाई संपली.)

करकर थांबली आणि खोलीत एकदम इतकं शांत झालं की दोघंही दचकले. तिनं लेबलांची लांब पट्टी फाडून त्यांच्या हातात दिली. "उद्या सांगते," ती संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली. गोदामवाले पट्टी गुंडाळत जिना उतरले. अर्ध्या जिन्यात त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला, मग पुन्हा वाजायला लागला.

छपाई चालू असताना कळांना हात लावायचा नाही, हे तिला माणसांनी शिकवलं नव्हतं, यंत्रानंच शिकवलं होतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारं ते धूड एका वेळी एकच काम करायचं. लिहायचं तर लिहायचं, छापायचं तर छापायचं. मध्ये चुकून एखादी कळ दाबली गेली की जागच्या जागी गोठायचं, मग बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि दुपारभर टाइप केलेलं सगळं पाण्यात. एकदा असं झालं तेव्हा ती साठ्याच्या खोलीत जाऊन रडली होती आणि सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं पुन्हा बसवलं होतं.

तेव्हापासून छपाई सुरू झाली की हात मांडीवर. त्या रिकाम्या वेळात काय करायचं? लेबलं न्यायला गोदामवाले वर यायचेच. त्यांची बायको गेली तेव्हाचं पहिलं बोलणं याच करकरीत झालं होतं. तिच्या गेलेल्या नवऱ्याबद्दलही ती पहिल्यांदा इथंच बोलली होती, आवाज यंत्राच्या वर चढवून. दुःखसुद्धा ओरडून सांगावं लागायचं. मग हसू यायचं.

गमती तर किती. त्या यंत्रात कशालाही नाव द्यायचं तर इंग्रजी आठ अक्षरांत द्यायचं, नववं घ्यायचंच नाही ते. 'धाकटे मालक' बसेनात, ते 'धाकटेमा'वर तुटले. गोदामवाल्यांचा 'गोदामवाल' झाला. "तुमचं बरं आहे," ते कुरकुरायचे, "ऑपरेटर बरोब्बर आठ अक्षरांत बसते. आमचीच शेपटी कापली जाते." मग दोघांना सवयच लागली. मुकादमाला, चहावाल्याला, मोठ्या मालकांच्या मेव्हण्याला, सगळ्यांना तोडून आठात बसवायचं. खाली पॅकिंगमध्ये कुणाला कळायचं नाही हे दोघं कुणाबद्दल बोलताहेत.

आणि रोज सकाळी सुरू केलं की यंत्र आधी तिला तारीख विचारायचं. रात्रीतून सगळं विसरलेलं असायचं बिचारं. ती तारीख सांगायची, वेळ सांगायची, मगच ते कामाला लागायचं.

*

सकाळी तिनं सासूची वेणी घातली. सासूला डाव्या डोळ्यानं दिसतच नव्हतं आणि उजव्यानं जे दिसायचं त्यात ती खोट काढायची.

"ओढतेस किती! केस आहेत, सुतळी नाही."

"आई, मी दुसरीकडे राहायला गेले तर?"

 सासूचा हात मागं आला, वेणीचं टोक धरलेल्या सुनेच्या बोटांवर पडला आणि तिथंच राहिला.

"ते किल्ल्यांवाले का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच सांगतेस की रोज जेवताना. माझा डोळा गेलाय, कान नाही." मग खालच्या आवाजात: "मला न्यायची असेल तर आधी सांग बाई. चपला सापडायला वेळ लागतो मला. न्यायची नसेल तर मात्र एकदम जा. सांगत बसू नकोस."

*

ती कारखान्यात पोचली तेव्हा टेबलावर जुनं धूड नव्हतं. त्याच्या जागी धुळीचा चौकोन होता आणि चौकोनाच्या मधोमध पुस्तकाएवढा पातळ पडदा.

"नवा संगणक सोमवारी येणार होता ना?"

"लवकर आला, लवकर बसवला," धाकटे मालक म्हणाले. लहानपणी हेच बटणांच्या ढिगात लोळायचे आणि ती त्यांना झाडून काढायची. "बसा मावशी. घाबरू नका."

"घाबरतंय कोण? चालू कर."

तिनं तारीख सांगायची म्हणून कळांवर बोटं ठेवली. कोपऱ्यात तारीख आधीच होती.

(छपाई चालू. बाकीचंही चालू.)

मागे छपाई होत होती, आवाज न करता / पुढे नवं लेबल उघडं होतं / "नाव कितीही लांब द्या मावशी, अख्खं वाक्य लिहा" / कोपऱ्यात गोदामाची मागणी टुणकन उगवली / तिचे हात मांडीवर गेले / "हात का काढलेत?" / "छपाई चालू आहे ना." / "ती तिचं बघेल. तुम्ही तुमचं बघा." / आणखी एक मागणी, निळी, चार भोकांची / तिनं एक लेबल पुसलं / 'नक्की पुसायचं?' पडद्यानं विचारलं / "मी सांगितल्यावर परत का विचारतो हा?" / "चूक झाली तर म्हणून. आणि पुसलं तरी टोपलीत राहतं, परत काढता येतं" / हे मात्र तिला मनापासून आवडलं / त्या रडलेल्या दुपारी हे असतं तर / "आणि आता गोदामवाल्यांना वर यायची गरजच नाही. त्यांच्याकडेही पडदा दिलाय, लेबलं खालीच छापली जातील. त्यांचे गुडघे वाचले!" / धाकटे मालक आपल्याच विनोदावर हसले / तीही हसली, उशिरा / आणखी एक मागणी नाही / आणखी एकही नाही.

दुपार झाली. रोजची वेळ झाली आणि टळली. जिन्यावर किल्ल्या वाजल्या नाहीत.

तिनं वाट पाहिली. छपाई थांबली की येतील, असं मनात होतं, आणि ही छपाई तर कधी सुरू होते, कधी थांबते, तेच कळत नव्हतं. रिकामी अशी जागाच कुठे उरली नव्हती, जिथं कुणी खुर्चीच्या कडेवर येऊन बसेल. नकार समजले असतील का? उद्या सांगते म्हणाले मी, आणि उद्या तर हा असा उजाडला.

पडद्यावर तीन कामं अर्धवट उघडी होती. तिनं ती तशीच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच अर्धवट काम सोडून ती उठली.

"मावशी, कुठे?" धाकटे मालक दाराशी भेटले. "चालू आहे ना सगळं?"

"चालू आहे म्हणूनच जातेय," ती म्हणाली आणि जिना उतरली.

गोदामवाले खोक्यांच्या भिंतींमध्ये नव्या पडद्यासमोर उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखे.

"काय करताय?"

"काही नाही. हातच लावला नाही मी," ते घाईनं म्हणाले. "सकाळी दोन मागण्या टाकल्या. मग म्हटलं वर तुमची छपाई चालू असेल. इकडं मी कळ दाबायचो आणि तिकडं तुमचं सगळं जायचं. हे चालू सोडून वर तरी कसा येऊ?"

"सकाळपासून असेच उभे आहात?"

"मधे चहा घेतला. लांब उभं राहून."

तिला हसू आवरेना. हसता हसता ती एका खोक्याला टेकली. मग थांबली. इथं करकर नव्हती, त्यामुळे आवाज चढवायचं कारण नव्हतं.

"अहो, त्यानं काही जात नाही आता. दाबा कितीही."

"असं होय." त्यांनी हात सोडवले, पण पडद्याकडे नेले नाहीत.

"मी काल उद्या सांगते म्हणाले होते."

"हो."

"माझी सासू माझ्याबरोबर येईल. तिला सोडून मी येणार नाही. तोंडानं फटकळ आहे, आणि रोज काहीतरी हरवते. हे चालणार असेल तर बघा. नसेल तरी मला राग नाही."

गोदामवाल्यांनी वर बघितलं, खोक्यांच्या माथ्याकडे. तिथं काहीच नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

"दिसतं कितपत त्यांना?"

"उजव्या डोळ्यानं थोडं. पायाखालचं नाही दिसत."

ते वाकले आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर हात आडवा धरला.

"माझ्या घराचा उंबरठा एवढा आहे," ते म्हणाले. "काढून टाकतो."