मध्ये एक पावसाळा आहे

मी मोरी बोलतेय. घरातली, भांडी घासायची ती नव्हे. वटार गावाच्या पुढे, चिंचेच्या वळणापाशी रस्ता जरासा उचलल्यासारखा होतो ना, त्याच्या खाली आहे ती मी. माझ्यावरून तुम्ही शंभरदा गेला असाल. खाली कुणी आहे हे तुमच्या ध्यानातही आलं नसेल. त्यात तुमची चूक नाही. मोरी नीट चालत असली की ती कुणालाच दिसत नाही.

माझ्या जन्माची तारीख कुठे लिहिलेली नाही. रस्त्यावरून केळीचे घड भरलेल्या बैलगाड्या जायच्या, त्या काळातली मी. दोन गवंड्यांनी काळ्या दगडाच्या दोन भिंती उभ्या केल्या, वर लांब शिळा टाकल्या आणि चुन्याने सांधे भरले. चार फूट रुंद, तीन फूट उंच. एवढाच माझा जीव.

काम सोपं. वरच्या अंगाच्या वाड्यांतलं आणि भातखाचरांतलं पाणी ओहोळातून माझ्याकडे येतं. मी ते रस्त्याखालून पलीकडे सोडते आणि ते खाडीला मिळतं. भरती असली की खाडी दार लावून घेते, पाणी माझ्या तोंडाशी ताटकळतं. ओहोटी लागली की सगळं सुसाट निघून जातं.

माणसं माझ्या कठड्यावर बसतात आणि मनातलं बोलतात. लग्नं ठरवतात, भावाभावांतली भांडणं सांगतात. उठताना हातातलं मात्र खाली टाकून जातात. थर्माकोल, वाढदिवसाच्या केकचे खोके, सुकलेले हार, दुधाच्या पिशव्या. पाण्यात टाकलं की गेलं, असं त्यांना वाटतं. जात काही नाही. माझ्या घशात अडकतं.

तो घसा दरवर्षी मे महिन्यात साफ करायचा आलोशियस. त्याची वाडी माझ्या डाव्या हाताला, घर तीस पावलांवर. लांब बांबूला लोखंडी आकडी बांधून तो ओहोळात उतरायचा, एकेक वस्तू ओढून काठावर टाकायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या बापाने केलं, म्हणून तो करायचा. "घे म्हातारे, घसा मोकळा केला तुझा," असं म्हणायचा. म्हणायचा ते त्यांच्या घरच्या बोलीत. तुम्हाला कळावं म्हणून मी तुमच्या मराठीत सांगते आहे.

त्याची बायको हिल्डा ओट्यावरून हाक मारायची, "आता वर या. चहाचं पाणी झालं." आमची तिघांची अशी वर्षं गेली.

मग रस्ता अपुरा पडायला लागला. समोरून बस आली की रिक्षा मागे घ्यावी लागायची. एकदा रुग्णवाहिका माझ्यावरच पाऊण तास अडकली. आतल्या बाईचं काय झालं ते मला कळलं नाही, पण त्यानंतर गावात रस्त्याचा विषय थांबला नाही.

पालिकेकडे इंजिनियर मोजके. आमच्या भागाचा कृष्णा, त्याच्याकडे अकरा गावं. म्हणून पालिकेने प्रादेशिक नियोजन संस्थेची मदत मागितली. ही संस्था काय करते, ते मला वसुंधराच्या बोलण्यातून कळलं. तिला संस्थेने पाठवलं होतं. एका गावाचा रस्ता दुसऱ्या गावात जातो, एकाचं पाणी दुसऱ्याच्या दारात येतं, आणि आपल्याच हद्दीत बसून ते दिसत नाही. संस्थेकडे सगळ्या प्रदेशाचे नकाशे, पावसाचे आकडे, वाहनं मोजणारी माणसं. ती आराखडा करून देते, मंजुऱ्या मिळवून देते. रस्ता बांधायचा तो पालिकेनेच.

वसुंधरा आठ दिवस आली. पहिले सात दिवस तिची माणसं गाड्या मोजत होती. माणिकपूरकडे किती जातात, समुद्राकडे किती, शाळेच्या वेळेला किती. आठव्या दिवशी ती गमबूट घालून ओहोळात उतरली आणि तिने माझ्या तोंडात टेप घातला. एवढ्या वर्षांत मला कुणी मोजलं नव्हतं.

"कृष्णा, हिचं वय काय?"

"नोंद नाही मॅडम. रजिस्टरला नुसतं 'जुनी' लिहिलंय."

ती बराच वेळ वाकून आत बघत राहिली. तेव्हा या टोकाला वाकलं की त्या टोकाचा उजेड दिसायचा.

"रस्ता रुंद होईल, उंच होईल, चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण वरच्या बाजूला इमारती झाल्या, अंगणं फरशीची झाली. तिथलं पाणी आता जमिनीत मुरत नाही, सरळ इथे येतं. ते हिच्यातून जाणार नाही. हिच्या जागी तीन गाळ्यांची, म्हणजे पाण्याला तीन वाटा देणारी मोरी हवी. आणि ओहोळ दोन्ही काठांनी पाच-पाच फूट रुंद करायला हवा."

आलोशियस कठड्याला टेकून ऐकत होता. "काठ म्हणजे माझी वाडी."

"हो काका. तुमची, आणि आणखी सहा जणांची."

"आज पाच फूट, उद्या पन्नास. बाय, आम्ही नकाशे पुष्कळ बघितले. प्रत्येक नकाशात आमची वाडी कोरी असते. जणू तिथे कुणी राहतच नाही."

वसुंधराने तिचा नकाशा माझ्या कठड्यावर पसरला. त्यात वाडी हिरव्या रंगात होती. त्याची विहीर होती, हिल्डाचा मोगऱ्याचा वाफा होता. आलोशियसने त्यावरून हळूच बोट फिरवलं.

"काढलंय छान," तो म्हणाला. "पण सही नाही देणार."

मी त्याला दोष देत नाही. पलीकडची मोगऱ्याची वाडी त्याने डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती. तिथे आता चार मजले आणि एक जिम आहे. एकदा भिऊन बसलेला माणूस खऱ्यालाही खोटंच समजतो. बाकीचे सहा जण त्याच्याकडे बघत होते. त्याने नाही म्हटलं, त्यांनीही नाही म्हटलं.

रस्त्याच्या मंजुरीची मुदत संपत आली होती, आणि रस्ता तर सगळ्यांनाच हवा होता. तेव्हा ठरलं, रस्ता आधी, मोरी मागाहून. वसुंधराने अहवालात एक ओळ घातली. कृष्णाने ती माझ्या कठड्यावर बसून वाचली. "मोरी न बदलता रस्ता उंच केल्यास वरच्या अंगाच्या घरांत पाणी शिरण्याचा धोका आहे." त्याने ती पुन्हा एकदा वाचली, मग फाइल मिटली.

रस्ता झाला. दोन फुटांनी वर आला, दुप्पट रुंद झाला. मला दोन्ही टोकांनी काँक्रीट जोडून लांब केलं. मी लांब झाले, पण रुंद झाले नाही. आता या टोकाला वाकून पाहिलं तर आत नुसता काळोख. पूर्वी पाणी फार झालं तर ते माझ्या डोक्यावरून रस्ता ओलांडून जायचं. आता रस्ता बांधासारखा आडवा उभा राहिला. पाण्याला वाट उरली ती माझी एकटीची.

पहिल्या बसला गावाने हार घातला. तो हार संध्याकाळी माझ्या घशात आला.

त्याच हिवाळ्यात वरच्या अंगाला डंपर यायला लागले. कुणा बाहेरच्या माणसाने खाचरं घेतली होती आणि तो त्यांत मातीचा भराव घालत होता. मला ते दिसत नव्हतं, पण प्रत्येक डंपर माझ्यावरून जायचा. माझ्या शिळा मोजत होत्या. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं.

आणि गेल्या वर्षीचा ऑगस्ट आला.

अमावस्येचं उधाण होतं. दुपारी भरती भरली, वरून पाऊस कोसळत होता. भरावावरचं पाणी लाल होऊन माझ्याकडे धावलं. येताना केळीचे सोट, प्लास्टिक, एक मोडकी खुर्ची घेऊन आलं. माझं तोंड बुजलं. पाणी आलोशियसच्या ओट्याला लागलं, मग उंबऱ्याला.

तीन वाजता तो आकडी घेऊन आला.

"जाऊ नका," हिल्डा म्हणाली. "कृष्णासाहेबांना फोन लावलाय. माणसं येताहेत."

"येईपर्यंत घर जाईल."

तो छातीभर पाण्यात उतरला. वर पाणी अगदी संथ होतं, पण पलीकडे ओहोटी लागली होती. खाडीने दार उघडलं होतं. माझ्या त्या बाजूचं पाणी उतरत होतं आणि या बाजूला सगळा भार साठून उभा होता. मला ते कळत होतं. त्याला कळत नव्हतं. त्याने आकडी घालून खुर्ची ओढली, आणि बोळा सुटला.

मी त्याला ओढलं. दुसरं कसं सांगू? जे पुढ्यात येईल ते आत घ्यायचं, एवढंच मला येतं. मी दगडाची आहे, मला थांबता येत नाही. त्याचे पाय आत आले, कमरेपर्यंत आला. मग केळीचा एक सोट त्याच्या मांडीशी आडवा अडकला आणि तो तिथेच राहिला. पाणी त्याच्या हनुवटीला होतं.

हिल्डा उतरली. पोहता येत नाही तिला. एका हाताने तिने कठड्याची सळई धरली आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची मान वर उचलून धरली. ती 'नमो मारिये'ची प्रार्थना म्हणत होती. मध्येच थांबून त्याला सांगत होती, "डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा." मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

वीस मिनिटं. मग कल्पेश आला. फुलांचा टेम्पो चालवतो तो. त्याने टेम्पोचा दोर कमरेला बांधला, पाण्यात बुडी मारली आणि सोट फोडून आलोशियसला बाहेर काढलं. आलोशियसचा डावा पाय माझ्या भिंतीवर दोन ठिकाणी मोडला होता. त्याचं रक्त मला लागलं होतं, ते पाण्याने लगेच नेलं.

ऑक्टोबरात तो घरी आला. पाय सरळ झाला नाही, आता वॉकर लागतो. वसुंधरा भेटायला आली. ती काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "तो कागद आणलायस?"

"आज कागदासाठी नाही आले काका."

"मग घेऊन ये. तू खोटं बोलत नव्हतीस, ते मला आत पाय गेल्यावर कळलं."

पुढच्या आठवड्यात त्याने माझ्या कठड्यावर बसून सही केली. मग वॉकर टेकत टेकत, हिल्डाला बरोबर घेऊन, बाकीच्या सहा जणांच्या दारात गेला. नाताळच्या आत सातही सह्या झाल्या. वसुंधराने आराखडा पुन्हा मांडला, संस्थेने पालिकेला सगळं साहाय्य दिलं, आणि मार्चमध्ये तीन गाळ्यांच्या मोरीला मंजुरी आली.

कृष्णा सांगायला आला. "काम पावसाळ्यानंतर लगेच सुरू. आता खणायला घेतलं तर जूनच्या आत पुरं होणार नाही, आणि अर्धवट खड्डा राहिला तर जास्त वाईट."

"म्हणजे मध्ये एक पावसाळा आहे," आलोशियस म्हणाला.

कृष्णाने मान हलवली. हिल्डा आत निघून गेली.

तो पावसाळा निघून जावा म्हणून त्यांनी जमेल ते केलं. माझ्या तोंडाशी जाळी बसवली. वसुंधराने पातळी मोजून माझ्या भिंतीवर रंगाचे तीन पट्टे मारून घेतले. हिरव्यावर पाणी असेल तर काळजी नाही. पिवळ्याला लागलं की सामान बांधायचं. लाल दिसेनासा झाला की आलोशियसच्या गल्लीतल्या बाराही घरांनी चर्चच्या शाळेत जायचं. गेल्या वर्षीच्या पाण्यावरून हिशेब करून तिने सांगितलं, पिवळ्यावरून लालावर यायला तीन तास लागतात. गावाने ते पाठ केलं.

ती गेली, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात डंपर पुन्हा आले. चारच दिवस. कृष्णाने धावपळ करून ते थांबवले, पण पडलेली माती तिथेच राहिली. वरच्या अंगाला जे एक शेवटचं खाचर होतं, जिथे पाणी घटकाभर दम खायचं, ते बुजलं. चार दिवसांची माती, म्हणून कुणी पुन्हा मोजलं नाही.

आज सकाळी साडेनऊला पाणी हिरव्यावर होतं. सव्वादहाला पिवळ्याला लागलं. पाऊस थांबलेला नाही, उधाण आहे, भरती बाराचाळीसची.

ओट्यावरून हिल्डाचा आवाज येतो आहे. "पिशव्या भरल्यात. निघायचं का?"

"पिवळाच आहे अजून," आलोशियस सांगतो आहे. "वसुंधराचा हिशेब आहे, तीन तास. जेवून निघू. उपाशी कशाला बसायचं शाळेत?"

"मग भात टाकते."

हिशेब खरा होता. पण तो गेल्या वर्षीच्या जमिनीचा होता. ती जमीन आता नाही, आणि हे फक्त मला ठाऊक आहे. माझ्या तोंडात पाणी भरलं आहे, मला हाक मारता येत नाही.

तुम्ही, जे कुणी आत्ता माझ्यावरून जात आहात. बसमध्ये असाल, स्कूटरवर असाल, शाळेतून पोरांना आणायला निघाला असाल. जरा थांबा. चिंचेच्या डाव्या हाताला खाली उतरून पहिलं घर. दारावर थाप मारा. भाताखालचा गॅस बंद करायला सांगा. म्हाताऱ्याला उचलायला दोघं लागतील, म्हणून आणखी कुणाला तरी हाक मारा. बाकीची अकरा घरं त्याच गल्लीत आहेत.

लाल पट्ट्याची वाट पाहू नका. पाणी त्याच्याखाली फक्त चार बोटं राहिलं आहे.