उन्हाला घाबरलेली जास्वंद

आमचे जावईबापू फवारणीचा पंप धुवत नाहीत. नुसता विसळतात, तोही कोणी बघत असेल तर.

मित्रांनो, मी एक जुनी जास्वंद आहे, रोपवाटिकेच्या दारात छपराखाली ठेवलेल्या मोठ्या कुंडीतली. इथून पांढऱ्या जास्वंदीची जेवढी रोपं गेली, ती सगळी माझ्याच फांद्यांची. मालकीणबाई गिऱ्हाइकाला सांगतात, "ही आमची मूळ आई." मग मी मान ताठ करते. का करू नये?

सोमवारी जावईबापूंनी वाटेवरचं गवत औषध मारून जाळलं. मग त्याच पंपात खताचं पाणी भरून ते माझ्यावर आणि शेजारच्या माझ्या कोवळ्या पोरींवर फवारलं. वास मला लगेच आला. पण पळायला पाय कुठले?

शाळा मी कुंपणापलीकडूनच ऐकली, तरी आपल्या घरातलं आपल्याला कळतं. माझ्या पानात हिरवे कण आहेत, शाळेत त्यांना हरितलवक म्हणतात. ऊन पडलं की तिथं इलेक्ट्रॉन हातोहात पुढं जातात, स्लॅब टाकताना घमेली जातात तसे. त्यावर माझं अन्न शिजतं. औषध आलं आणि रांगेतल्या एकाच्या जागेवर फतकल मारून बसलं. मागून घमेली येताहेत, पुढं घेणारा नाही! ऊन काही थांबत नाही. त्याचा जोर जागीच कोंडतो आणि पान आतून जळतं.

मंगळवारी माझ्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. बुधवारी तपकिरी.

"ऊन कमी पडतंय हिला," मालकीणबाई म्हणाल्या. "बाहेर ओढा."

पंपात आधी काय होतं ते जावईबापूंना ठाऊक होतं. तरी मुकाट्यानं ओढायला लागले. जन्मभर उन्हाकडे तोंड करून जगलेली मी, त्या दिवशी ऊन वीतभर लांब राहिलं आणि मी जीव मुठीत धरला.

तेवढ्यात मालकीणबाईंची लेक आली. झाडांचंच शिकलेली आहे ती. तिनं पंपाचं झाकण उघडून वास घेतला.

"अहो, गवताचं औषध ह्याच पंपात होतं ना? धुतला होतात?"

"म्हणजे... विसळला होता."

"आई, सावलीत घे तिला! ह्या औषधाला उन्हानं जास्त जोर चढतो. रोपंसुद्धा घे!"

धावपळ झाली. हिरवी जाळी आली, गोणपाटं आली. जावयाला टाकून बोलता येत नाही, म्हणून मालकीणबाई पंपालाच बोलल्या, "मेल्या, तुला लाज नाही?"

माझी सगळी पानं गळली. दोन फांद्या छाटाव्या लागल्या. बाराव्या दिवशी एक कोंब फुटला. पोरींपैकी सहा गेल्या. छपराबाहेर टोकाला होत्या, सोमवारपासून त्यांच्यावर ऊन पडतच होतं.

मित्रांनो, औषधाचा पंप वेगळा ठेवा, आणि चूक झाली तर लगेच बोला.

काल जावईबापू पाणी घालायला आले, खाली मान घालून. मालकीणबाईंना भीड असेल, मला कसली? राहिलेल्या फांद्या हलवून मी मोठ्यानं सांगितलं, "जावईबापू, पंप धुतला नाहीत, ते मी पोटात घातलं. पण ठाऊक असून बुधवारपर्यंत गप्प बसलात, मला उन्हात ओढतानासुद्धा, ते घालणार नाही. माझ्या सहा पोरी पंपानं नाही मारल्या, तुमच्या गप्प बसण्यानं मारल्या."