दोन न्यूकॅसल आणि एक ओटी

मार्चअखेर रत्नप्रभा बोटीवरून परत आली आणि दुसऱ्याच संध्याकाळी बोरिवलीतली त्यांची अख्खी चाळ फोटो बघायला तिच्या खोलीत येऊन बसली. नवरा चंद्रप्रकाश मालवाहू बोटीवर इंजिनियर. बोटीवरच्या अधिकाऱ्यांना बायको सोबत नेता येते, हे लग्नानंतर कळल्यावर रत्नाने त्याच्या मागे असा लकडा लावला होता की बिचाऱ्याने शेवटी हात टेकले. गिरणी कामगारांच्या चाळीतली सून परदेश बघून आली, म्हणजे काय थट्टा आहे! चहाची दोन पातेली उकळून झाली होती, चकल्यांचा डबा रिकामा झाला होता आणि रत्ना मनातून धास्तावली होती.

त्या धास्तीचं कारण अगदी पुढ्यात, चटईवर चष्मा पुसत बसलं होतं. शेजारच्या कृष्णाबाई. रत्ना नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला स्टोव्हची पिन कशी मारायची इथपासून नळावर कुणाशी भांडायचं आणि कुणाशी नाही इथपर्यंत सगळं या काकींनीच शिकवलं होतं. रत्नाला सासू नव्हती. ती उणीव काकींनी कधी भासू दिली नाही. त्यांची एकुलती एक लेक सुगंधा लग्न होऊन इंग्लंडला, न्यूकॅसलला गेली होती आणि आता पहिलटकरीण होती.

घोटाळा झाला तो इथेच. निघण्याआधी चंद्रप्रकाश म्हणाला, "बोट न्यूकॅसलला चाललीय, कोळसा भरायला." रत्नाने पुढचं ऐकूनच घेतलं नाही, धावत काकींकडे गेली. चाळीला जगात एकच न्यूकॅसल ठाऊक होतं, ते सुगंधाचं. काकींच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी दादरहून हिरवा खण आणला, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घातली, वर घरचं मालवणी खाजं बांधलं. "माझ्या हातची नाय, तर निदान माझ्या नावची ओटी पडू दे गो तिच्या पदरात," म्हणाल्या.

मद्रास मागे पडल्यावर नवऱ्याने पेटीतला नारळ बघितला आणि सगळी हकिगत ऐकून तो पोट धरून हसला. न्यूकॅसल एक नव्हे, दोन होती. दोन्हीकडून कोळसा जायचा. एक इंग्लंडच्या थंडीत कुडकुडत होतं, दुसरं ऑस्ट्रेलियात, आणि बोट चालली होती दुसऱ्याकडे. रत्ना त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. काकींना कळवायचं मात्र तिने टाळलं ते टाळलंच.

आता फोटो हातोहात फिरत होते. बंदराच्या तोंडाशी टेकडीवरचं दीपगृह. पोलादाच्या कारखान्याची धुराडी. समुद्रालाच भिंत घालून केलेला पोहण्याचा तलाव आणि त्यात डुंबणाऱ्या बायका. एका फोटोत दोरीवर चादरी वाळत होत्या.

"तिथेपण बायका करवादतात," रत्ना उसनं हसत म्हणाली. "कोळशाची धूळ बसते ना कपड्यांवर."

कृष्णाबाई प्रत्येक फोटो डोळ्यांशी नेत होत्या. कोपरान् कोपरा तपासत होत्या. त्या काय शोधतायत हे रत्नाला समजत होतं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या महिन्यात सुगंधा बाळंत व्हायची होती. अशा वेळी तिच्या आईला कसं सांगायचं, की तुमच्या लेकीची ओटी परक्या बाईच्या पदरात गेली?

"काय गो, डिसेंबरात गेली होतीस ना?" काकी म्हणाल्या. "तेव्हा सुगंधाने लिहिलं होतं, दारात बर्फ पडलाय. आणि हे लोक उघडेबंब पोहतायत?"

खोलीत हशा पिकला. रत्ना हसली नाही. तेवढ्यात पुढचा फोटो काकींच्या हातात गेला आणि त्या थांबल्याच. बोटीवरच्या केबिनमध्ये एक गोरी, पोट पुढे आलेली बाई खुर्चीत बसली होती. कपाळावर कुंकू, मांडीत नारळ आणि हिरवा खण.

"हा खण माझा," कृष्णाबाई म्हणाल्या.

मग रत्नाने काहीही न लपवता सगळं सांगितलं. ते न्यूकॅसल निराळं होतं. बोट इंग्लंडला जाणारच नव्हती. ही मार्गरेट बंदरात उतरणाऱ्या खलाशांसाठी चालवलेल्या केंद्राची गाडी चालवायची, तिनेच सगळं गाव फिरवून दाखवलं. सातवा महिना होता तिला. तांदूळ, नारळ खाली उतरवायला तिथे सक्त मनाई, म्हणून निरोपाच्या चहाला तिलाच वर बोलावलं.

"काकी, भरलेली ओटी परत आणायला माझं मन धजेना हो. तिचं कुणीच नव्हतं करायला. आई लहानपणीच गेलेली. चुकलं माझं. सुगंधाताईंची होती ती."

काकींनी फोटो पुन्हा डोळ्यांशी नेला. रत्नाला वाटलं, आता या उठून जाणार आणि पुन्हा आपल्या उंबऱ्यात पाऊल टाकणार नाहीत.

"पदर नाही हिला. ओटी घेतली कशात?"

"फ्रॉकच्या घोळात."

"आणि खाजं?"

"तिथेच बसून सगळं खाल्लं. बोटं चाटली."

काकींच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच मावळलं. "रत्ना, सुगंधाच्या न्यूकॅसलात पण असेल ना गो अशी एखादी? तिला घरी बोलावून खाऊ घालणारी?"

रत्नाला एकदम रडू आलं. "असेल ना, काकी. नक्की असेल."

"लेकीसाठी मी दुसरी बांधीन. पोस्टाने पाठवीन, तुझ्यावर भरवसा नाय," काकी पदराने नाक पुसत म्हणाल्या. बायका हसल्या, कुणीतरी पुन्हा चहाचं आधण ठेवलं. काकींनी मात्र मार्गरेटचा फोटो खाली ठेवला नव्हता.

"हिचं बाळ झालं असेल ना आता?"

"झालं असेल."

"तिकडे थंडी कधी पडते?"

"सगळं उलटं असतं तिथे. जूनमध्ये."

कृष्णाबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि सुगंधाच्या बाळासाठी शिवलेली उबदार फ्लॅनेलची कुंची घेऊन आल्या. अजून काजबटण लावायचं राहिलं होतं. फोटो जवळ ठेवून त्यांनी सुईत दोरा ओवला.

"सुगंधाकडे आता उन्हाळा लागेल," त्या म्हणाल्या. "ही कुंची हिच्या बाळाला पाठव. पत्ता नीट लिही, देश घालून."