गप्प बसलेली केबल

भरतकामाच्या मशीनवर मोर भरायचा होता आणि सुई पुन्हा वेलच भरत होती. गुलनारआपांनी चिंधी धम्मशीलापुढे आपटली.

"पाह्य, तिसऱ्यांदा! लॅपटॉप म्हणते मोर पाठवला, मशीन म्हणते मले वेलच आवडते."

"बंद करून पाहिलं?"

"पाहिलं ना. महिनाभर भरत होती ती वेल तिच्या पोटात तशीच."

पलीकडे पाटावर मरून रेशमाचा दुपट्टा घडी घालून ठेवला होता. आपांच्या भाचीचा निकाह उद्या होता आणि दुपट्टा दुपारच्या गाडीनं मेहकरला जायचा होता. रेशमावर चुकीचा टाका पडला, तर उसवल्यावरही भोकं राहतात.

धम्मशीला मेहकरला घरी बसून एका कंपनीसाठी ड्रायव्हर लिहायची. जुन्या यंत्रांशी सिरियल केबलमधून कसं बोलायचं, हे ते प्रोग्रॅम संगणकाला शिकवतात. आपांच्या लॅपटॉपवर नवा ड्रायव्हर तिनंच महिन्यापूर्वी टाकला होता. म्हणून आपांचा फोन येताच ती साखरखेर्ड्याची पहिली गाडी धरून आली होती.

तिनं पिशवीतली आपली केबल लावली. चिंधीवर मोर उमटला. त्याच केबलनं तिनं मशीनमध्ये परत वेल पाठवली, मग आपांची केबल लावून मोर पाठवला. वेल.

"दोन्ही सारख्याच तर हायेत," आपा म्हणाल्या.

"दिसतात सारख्या." धम्मशीलाच्या मनातली धाकधूक मागे पडली आणि कुतूहल पुढे आलं.

तारेवर 'ब्रेक' नावाची लांब खूण आली, की मशीन जुनी नक्षी विसरते. केबलमधल्या काही स्वस्त चिपांना ती खूण देताच येत नाही. त्यांच्यासाठी ड्रायव्हर वेग एकदम कमी करून एक लांबलेलं शून्य पाठवतो, आणि मशीनला तोच ब्रेक वाटतो. पण त्याआधी चिपची ही खोड ओळखावी लागते. त्यासाठी ड्रायव्हर सुरुवातीलाच तिला एक प्रश्न विचारतो. चांगली चिप दोन बाइटचं उत्तर देते.

धम्मशीलानं तो संवाद पडद्यावर उघडला. आपांच्या केबलनं नकार दिला नव्हता, चूकही कळवली नव्हती. तिचं उत्तर शून्य बाइटचं होतं.

मग तिनं आपलाच कोड काढला. पूर्वी तिथे उत्तराची लांबी मोजलेली होती. गेल्या महिन्यात कोड आवरताना तिनं ती ओळ काढून टाकली आणि फक्त चूक आली का, एवढंच तपासायचं ठेवलं.

"आपा, चूक माझी हाय. मी हिले विचारलं, तुले हे जमते का. ही काहीच बोलली नाही, अन् मी हो धरून चालली."

"म्हणजे तू माझ्या सासूसारखी! मी गप्प बसली की साऱ्या गल्लीत सांगते, गुलनार तयार हाय म्हणून."

धम्मशीला हसत हसतच टाइप करत होती. दोनपेक्षा कमी बाइट आले, तर चिप खोडीची समजायची. आपांच्या केबलवर वेल पाठवली, मग मोर पाठवला. मोर आला. आपा रेशीम चौकटीत बसवायला लागल्या.

"थांबा. माझ्या केबलवर परत पाहू द्या. तिले उगाच खोडीची ठरवली असंल तर?"

"गाडी जाईन ना वं!"

"पाचच मिनिटं."

तिच्या केबलवरही आधी वेल, मग मोर आला. तिची केबल ड्रायव्हरनं चांगली म्हणूनच ओळखली होती.

आता आपांची केबल, आणि खाली रेशीम. आपांनी बटण दाबलं, पण बोट बंद करायच्या बटणावर ठेवून त्या सुईकडे पाहत राहिल्या. वेल डाव्या कोपऱ्यातून सुरू व्हायची. चौकट सरकली, सुई मधोमध येऊन थांबली आणि मोराची चोच भरायला लागली.

आपांनी तेव्हा कुठे बोट उचललं.